आधी पाय धुऊन या

(बोईसर येथील युवक शिबिरात केलेलं भाषण)



माझ्याआधी जो दोस्त बोलला त्याने उतरता उतरता मला चिमटा काढला. म्हणाला, आता आपले किरिस्ताव कवी बोलतील. तुम्ही हसलात. मीपण हसलो. पण त्या हसण्याच्या पोटात एक प्रश्न आहे, तो मला रोज ऐकू येतो. बाबासाहेबांनी बुद्ध हातात दिला असताना हा गळ्यात क्रूस घालून आपल्यात कशाला येतो? आणि रविवारी मिस्सा सुटली की चर्चच्या पायरीवर दुसरा प्रश्न उभाच असतो. गळ्यात क्रूस घालून हा त्या निळ्या झेंड्याखाली कशाला जातो? दोन्हीकडची माणसं एकमेकांना ओळखत नाहीत, पण प्रश्न एकच विचारतात. आज त्याचं उत्तर द्यायचा प्रयत्न करतो.

मी काही पंडित नाही. मॅट्रिक झालेला माणूस. मुंबईच्या गोदीत ठेकेदाराच्या टोळीत काम करतो. पहाटेच्या डहाणू लोकलने जातो, रात्रीच्या गाडीने येतो. मधल्या वेळात कविता होते, झाली तर. तेव्हा धर्मशास्त्र सांगत नाही, घडलेलं सांगतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवसाला आम्ही आज्ञा गुरुवार म्हणतो. ज्या रात्री पकडला गेला त्याच रात्री येशूने आपल्या बारा चेल्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून त्या दिवशी फादर बारा माणसांचे पाय धुतात. त्या वर्षी चर्चच्या मंडळीतला एक गृहस्थ मला भेटला. म्हणाला, यंदा बारांत एक कामगार पाहिजे, तुझं नाव घेतलंय. मला बरं वाटलं. मग त्याने माझ्या पायांकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, फक्त एक कर, आधी पाय धुऊन ये.

तेव्हा आमच्या टोळीकडे गंधकाचं जहाज होतं. गंधकाची पिवळी पूड भेगांत बसते, घामाने पेटते, साबणाने जात नाही. तरी मी घरी आलो, दगडाने टाचा घासल्या, मोजे घातले आणि गेलो. बाराजण रांगेने खुर्च्यांवर बसलो. फादरनी चांदीच्या तांब्याने पाणी ओतलं, पांढऱ्या टॉवेलने टिपलं, पुढे सरकले. मी परातीत बघत होतो. चोवीस पाय धुऊन झाले आणि पाणी शेवटपर्यंत नितळ होतं.

मित्रांनो, त्या नितळ पाण्याने माझी झोप उडवली. मूळच्या गोष्टीत ते पाणी गढूळ झालेलं असणार. धुळीच्या वाटेने चालून आलेले मच्छीमारांचे पाय होते ते. आणि पाय धुणं हे त्या काळी घरातल्या गुलामाचं काम. त्या कामासाठी गुरू जमिनीवर बसला. त्याच रात्री, त्याच खोलीत, एका ताटातली भाकर सगळ्यांनी मोडली. माझ्या लेखी ख्रिस्ती धर्म एवढाच आहे. खाली बसायचं आणि एकत्र जेवायचं. बाकीचं सगळं नंतर आलं. घंटा, झुंबरं, सोनेरी झगे, ह्या बाकावर कोण बसणार आणि त्या बाकावर कोण, आणि लग्न जमवताना फादरच्या खोलीत हळूच विचारलेलं, पण मूळचे कोण हो ते?

हो, जात आमच्यात आहे. मी ती लपवायला आलो नाही. बाप्तिस्म्याच्या पाण्याने जात गेली असती तर मला आज बोलायची गरजच नव्हती.

आता सेवेबद्दल. ख्रिस्ती म्हटला की सेवा, हे समीकरण सगळ्यांना पाठ आहे. शाळा, दवाखाना, अनाथाश्रम. त्या शाळांनी आणि दवाखान्यांनी लाखो माणसं जगवली, हे मी नाकारत नाही. माझी आजी मिशनच्या दवाखान्यातच वाचली. पण बाबासाहेबांनी ह्यावर काय लिहिलंय ते आपल्या किती पोरांनी वाचलंय? त्यांच्या इंग्रजी लेखनाच्या पाचव्या खंडात, तो १९८९ साली निघाला, धर्मांतरित अस्पृश्याच्या स्थितीवर त्यांनी लिहिलंय. त्यांचा आरोप असा की मिशनऱ्यांच्या शिक्षणाचा आणि औषधोपचाराचा मोठा फायदा वरच्या जातींच्या हिंदूंनी घेतला, खेड्यातला गरीब ख्रिस्ती बाजूलाच राहिला. दुसरा आरोप त्याहून जड. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्याला शिकवलं गेलं की तुझ्या पतनाचं कारण तुझं पाप आहे. मग तो भोवतालच्या व्यवस्थेशी लढेल कशाला? तो गुडघ्यावर बसून स्वतःशीच भांडत राहिला.

हे वाचलं तेव्हा मला राग आला. मग आमच्या वस्तीकडे बघितलं आणि राग गेला. नाताळात गाडी येते, ब्लँकेट वाटते, केक वाटते, फोटो काढते, जाते. घेणारा खाली, देणारा वर. कुणी जमिनीवर बसत नाही. ज्याला ब्लँकेट मिळालं त्याचा पगार तीन महिने थकलाय, हे कुणी विचारत नाही. ही सेवा नितळ पाण्याची सेवा आहे. तिच्यात कुणाचे पाय धुतले जात नाहीत.

आणि ह्या जिल्ह्यात तर क्रूस घातलेल्या माणसाने वाटप करताना दहादा विचार करावा. २०२० च्या एप्रिलमध्ये गडचिंचल्याला दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर जमावाने ठेचून मारले. चोर आणि मुलं पळवणारी टोळी फिरतेय ही अफवा होती. काही दिवसांत टीव्हीवर बोट कुणाकडे गेलं, तुम्ही पाहिलंत. मिशनऱ्यांकडे. मेलेली ती तीन माणसं आमचीच होती, कारण मार खाऊन मेलेला प्रत्येक माणूस क्रूसावरच्या माणसाचा सोयरा असतो. हे बोलायला मात्र आमच्यातले फार कमी पुढे आले. घाबरलो आम्ही. हेपण कबूल करून टाकतो.

आता माझ्या घरातली भानगड ऐका. आमचं मूळ नगर जिल्ह्यातलं. महारवाडा. माझ्या पणज्याने दुष्काळात बाप्तिस्मा घेतला. गाव म्हणालं, पोटासाठी बाटला. बाटला असेल. उपाशी माणसाने पोटासाठी काही केलं तर त्यात लाज पोट उपाशी ठेवणाऱ्याची. त्या पणज्याचा एक मुलगा, माझा आज्या, ख्रिस्ती राहिला. धाकट्याने, माझ्या चुलत आज्याने, बाबासाहेबांमागे जाऊन बौद्ध दीक्षा घेतली. बहात्तरच्या दुष्काळाने दोघांनाही गाव सोडायला लावलं. आज दोन्ही घरं इथे बोईसरला एका चाळीत आहेत. आमच्या भिंतीवर येशू आणि बाबासाहेब, त्यांच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. मधला खिळा एकच.

पण सरकारदरबारी बघा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात लिहिलं की हिंदू सोडून दुसऱ्या धर्माचा माणूस अनुसूचित जातीचा धरायचा नाही. १९५६ साली शीख आत घेतले. १९९० साली बौद्ध आत आले, आपल्या चळवळीच्या भांडणाने आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच. म्हणजे एका पणज्याची दोन पणतवंडं, चुलतभाऊ माझा अनुसूचित जातीचा आणि मी नाही. मागे एका ठेक्यावर आम्ही दोघं एकत्र होतो. मुकादमाने पाण्याच्या पिंपावरून जातीचा शब्द उच्चारला. एकच शब्द, दोघांना. चुलतभावाला १९८९ चा अत्याचारविरोधी कायदा लागू. मला नाही. शिवी देणाऱ्याने माझा बाप्तिस्म्याचा दाखला मागितला नव्हता. मागितला तो कायद्याने.

मद्रासच्या फुटपाथवर सूसाई नावाचा एक चांभार बसायचा. ख्रिस्ती. सरकारने अनुसूचित जातीच्या चांभारांना दुकानासाठी फुकट टपऱ्या दिल्या. बाजूच्याला मिळाली, ह्याला नाही. तो सुप्रीम कोर्टात गेला. १९८५ साली कोर्ट म्हणालं, धर्म बदलल्यावरही जातीचा तोच जाच तितक्याच तीव्रतेने चालू राहतो हे आधी सिद्ध कर. आरी तीच, कातडं तेच, फुटपाथ तोच. आणखी काय सिद्ध करायचं? २००७ साली रंगनाथ मिश्रा आयोगाने शिफारस केली की धर्माची अट काढून टाका. तो अहवाल धूळ खात पडला.

आणि सगळ्यात लाज वाटणारी गोष्ट अशी की ह्या प्रश्नावर आमच्या चर्चमध्ये वर्षातून एखादं प्रवचन होतं आणि आपल्या मोर्चात एक घोषणाही होत नाही. तुम्हाला भीती वाटते, वाटणी कमी होईल. मी तुमची भाकर मागायला आलेलो नाही. मी म्हणतो, परात मोठी करायची मागणी बरोबर करू.

आता मी तुम्हाला दोन डिमेलो सांगतो.

पहिला आमच्या गोदीचा. मुंबईच्या बंदराला लागून जो रस्ता जातो त्याला पी. डिमेलो रोड म्हणतात. रोज लाखो लोक ते नाव वाचतात, माणूस कुणाला ठाऊक नाही. प्लॅसिड डिमेलो. मंगळूरकडचा ख्रिस्ती पोरगा. गोदीत आला आणि ज्यांना जहाज आलं तर काम, नाही तर उपास, अशा हमालांना त्याने एका युनियनमध्ये बांधलं. तुरुंग भोगला. १९५८ साली गेला, तेव्हा चाळिशीसुद्धा गाठली नव्हती. त्याच्याकडे १९४९ साली आणखी एक मंगळुरी पोरगा येऊन पडला. घरच्यांनी त्याला फादर व्हायला बंगळूरच्या सेमिनरीत घातलं होतं. तिथे त्याने बघितलं की वरच्या फादर लोकांचं टेबल उंच आणि त्यांचं जेवण चांगलं, पोरांचं टेबल खाली आणि जेवण हलकं. तो उठला आणि बाहेर पडला. जॉर्ज फर्नांडिस त्याचं नाव. पुढे त्याचं राजकारण कुठे कुठे गेलं, त्याचा हिशेब तुम्ही मांडा. मी टेबलापुरतं बोलतोय. एका जेवणाची आठवण हीच ज्या धर्माची मुख्य उपासना आहे, त्यात दोन टेबलं बघून पोरगा चालता झाला. मला विचाराल तर त्या दिवशी तो चर्चच्या बाहेर गेला नाही, आत गेला.

दुसरा डिमेलो आपल्या जिल्ह्यातला. पीटर डिमेलो, जेझुइट संघातला. तलासरीच्या बाजूला वारल्यांत काम करायला आला. इथे एक गोष्ट इमानाने सांगितली पाहिजे. ह्या डोंगरात वेठबिगार मोडली ती चर्चने नाही. १९४५ साली गोदावरी परुळेकर आणि लाल बावट्याच्या मागे वारली उभा राहिला, तलवाड्याला गोळ्या झेलल्या, जेठ्या गांगड तिथे पडला. म्हणजे हा डिमेलो आला तो रक्त सांडलेल्या जमिनीवर आला. त्याला आणि त्याच्या सोबत्यांना कळलं की वसतिगृह चालवून भागणार नाही, जंगलातल्या प्लॉटचा आणि मजुरीच्या दराचा प्रश्न आहे. १९७८ साली कष्टकरी संघटना उभी राहिली. त्याने संघ सोडला, नाव बदललं, प्रदीप प्रभू झाला. दगड खाल्ले, खटले अंगावर घेतले. जंगल कसणाऱ्या आदिवासीकडे कागद नाही म्हणून त्याला हाकलू नका, गावातल्या म्हाताऱ्याची साक्षही पुरावा धरा, अशा मागणीने तो सुप्रीम कोर्टात गेला आणि १९९१ साली निकाल मिळवला. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्यात पुराव्याचे जे नियम आले त्यांच्या मुळाशी ही लढाई आहे. म्हातारीच्या तोंडच्या शब्दाला कागदाच्या बरोबरीने बसवणं, ह्याला मी खाली बसून पाय धुणं म्हणतो.

तुम्ही म्हणाल, हे सुटे सुटे लोक. पँथरचा ह्याच्याशी काय संबंध? सांगतो. १९७२ साली मुंबईत ज्यांच्या नावावरून दलित पँथर निघाली त्या अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरने शाळकरी पोरांना फुकट न्याहारी द्यायचा कार्यक्रम सुरू केला. १९६९ चा जानेवारी महिना, ओकलंड शहर. पहिली चूल कुठे पेटली? सेंट ऑगस्टीन चर्चमध्ये. तिथल्या फादर अर्ल नील ह्यांनी दार उघडलं. बंदुकीसाठी बदनाम झालेल्या पोरांनी चर्चच्या जमिनीवर उभं राहून अंडी तळली. त्यांनी ब्लँकेट वाटून फोटो काढला नाही. पोराला खायला घातलं आणि तू उपाशी का आहेस तेही सांगितलं. सेवा आणि लढा त्यांनी एका तव्यावर भाजले.

आणि गोदीतला म्हणून आणखी एक सांगतो. फ्रान्समध्ये १९४१ साली जॅक लव नावाचा फादर मार्सेयच्या गोदीत हमाल म्हणून लागला. गरिबीचा अभ्यास करायला गेला आणि ओझं उचलायला लागला. त्याच्यामागे बरेच फादर कारखान्यांत शिरले. मिशेल फाव्रो नावाचा तरुण फादर १९५१ साली बोर्दोच्या गोदीत लाकडाच्या ओझ्याखाली चिरडून मेला. १९५४ साली रोमने हा प्रकार थांबवला. अकरा वर्षांनी पुन्हा परवानगी दिली. मी टोळीत हे सांगितलं तर आमचा विंचवाला म्हणाला, अरे मग त्याला नुकसानभरपाई मिळाली का? मी ह्याहून चांगला धार्मिक प्रश्न ऐकलेला नाही.

आता कवितेकडे येतो. मला कवी म्हणून बोलावलंय तर तेवढं देणं लागतो.

आपण म्हणतो दलित साहित्य आपलं, आपल्या हिमतीचं. बरोबर. पण त्याचा एक पहिला कागद कुठे छापला गेला? १८५५ साली, ज्ञानोदयात. फुल्यांच्या शाळेतली चौदा वर्षांची मांगाची पोर, मुक्ता साळवे. तिने मांग-महारांच्या दुःखाचा निबंध लिहिला, पेशवाईतल्या छळाचा हिशेब मांडला, धर्माला उलटा सवाल केला. तो छापला मिशनऱ्यांच्या पत्राने. ज्ञानोदय १८४२ साली नगरला सुरू झालेलं. मिशनऱ्यांचा त्यात स्वार्थ होता, असेना. शाई खरी होती आणि त्या पोरीचे शब्द आजही भाजतात. आपली सगळी लिटल मॅगझिनं त्या एका निबंधाची नातवंडं आहेत, असं मी मानतो.

पंडिता रमाबाईंचं बघा. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातल्या, टाकलेल्या बायका जमवल्या. त्यांना नुसतं जेवू घातलं नाही. साध्या बाईला समजेल असं बायबल मराठीत आणायला बसल्या, आणि त्या बायकांनीच खिळे जुळवले, छापखाना चालवला. १९२२ साली रमाबाई गेल्या, पुस्तक त्यानंतर पुरं होऊन निघालं. ज्या हातांना गावाने भांडीसुद्धा शिवू दिली नसती त्या हातांनी शास्त्र छापलं. निर्मिती ह्याला म्हणायची.

रेव्हरंड टिळक शाळेच्या पुस्तकात फुलामुलांचे कवी म्हणून उरलेत. पण ह्या चित्पावन ब्राह्मणाने १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, नगरला महार-मांगांच्या पोरांत राहिला, कीर्तन-भजनात ख्रिस्त आणला. शेवटी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून देवाचा दरबार मांडला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा ठेवली. त्याच्या भाषेत ब्राह्मणी गोडवा आहे, मला तो चालत नाही. आमच्या ख्रिस्ताच्या अंगाला गंधकाचा वास आला पाहिजे. पण पगार सोडायची त्याची छाती मला मान्य आहे. लक्ष्मीबाईंनी तर जातीचा विटाळ आपल्या अंगातून कसा कसा निघाला ते 'स्मृतिचित्रे'त न लाजता सांगून टाकलं. १९३४ चं पुस्तक आहे, पोरींनी वाचा.

आणि माझी कविता? माझी पहिली प्रकाशित रचना म्हणजे अर्ज. खरंच सांगतो. वस्तीत मी मॅट्रिकवाला म्हणून लोक कागद घेऊन येतात. फंडाचा अर्ज, दवाखान्याचा अर्ज, अपघाताच्या भरपाईचा अर्ज. एक बाई आली होती. नवरा भाजून गेलेला. कंपनी म्हणत होती हा आमचा माणूसच नाही, ठेकेदार म्हणत होता त्या दिवशी तो हजरच नव्हता. मी तिला विचारलं, शेवटी घरातून निघताना काय म्हणाला? ती म्हणाली, डब्यात मिरची जास्त टाकू नको. मी ते अर्जात लिहिलं. बाबूने खोडलं. म्हणाला, हे कशाला? मी दुसऱ्या कागदावर पुन्हा लिहिलं. डबा घेऊन निघालेला माणूस कामावर हजर होता, ह्याचा तो पुरावा होता. त्या दिवशी मला कळलं, कविता आणि अर्ज ह्यात मी उगाच फरक करत होतो.

ह्या बोईसर-तारापूरला असे अर्ज कमी नाहीत. १९६९ पासून इथे अणुवीज निघते. पुढच्या दोन भट्ट्यांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठवली. एमआयडीसीतल्या पाण्याने खाड्या नासल्या म्हणून मांगेला समाज परिषदेला २०१६ साली हरित लवादात जावं लागलं. ११ जानेवारी २०२० ला संध्याकाळी इथल्याच एका रसायनाच्या कारखान्यात स्फोट झाला, आठ माणसं गेली. त्याच्या आधी स्फोट होते, नंतरही झाले. मेलेले बहुतेक ठेक्यावरचे, परगावचे. पेपरात आकडा येतो, नावं येत नाहीत. मी एका वहीत नावं लिहितो. मिळेल तशी, अर्धी, चुकलेली. दर गुड फ्रायडेला आम्ही चार-पाचजण नाक्यावर उभे राहून ती वाचतो. कुणी हिंदू, कुणी मुसलमान, कुणी आदिवासी. आमची वधस्तंभाची वाट तीच. गेल्या वर्षी माझा बौद्ध चुलतभाऊ वाचायला उभा राहिला, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की उपासना झाली.

ह्या रस्त्याने चालणाऱ्याला काय मिळतं तेही सांगून ठेवतो, कुणी फसू नये. फादर स्टॅन स्वामी. झारखंडच्या आदिवासींत आयुष्य घातलेला म्हातारा. भीमा कोरेगावच्या प्रकरणात ८ ऑक्टोबर २०२० ला त्याला रांचीहून उचलला. तो सांगत राहिला, मी भीमा कोरेगावला कधी गेलोच नाही. तळोज्याच्या तुरुंगात कंपवाताने पेला धरता येईना, तर पाणी प्यायला नळीचा कप मागावा लागला. ५ जुलै २०२१ ला वांद्र्याच्या हॉस्पिटलात गेला. चौऱ्याऐंशी वर्षांचा कैदी, खटला न चालताच. आपल्या भीमा कोरेगावच्या नावाच्या प्रकरणात एक ख्रिस्ती फादर कैदी म्हणून मेला. आता मला विचारा, किरिस्तावाचा निळ्या झेंड्याशी काय संबंध.

शेवटचा मुद्दा, आणि तो माझ्या पोटावर येणारा आहे. वाढवण बंदर. जून २०२४ मध्ये दिल्लीने मंजुरी दिली, ७६,२२० कोटींचा खर्च सांगितला, ३० ऑगस्टला पालघरला पायाभरणी झाली. हेच बंदर १९९८ साली डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने नाकारलं होतं. आपल्या वस्तीतली पोरं मला विचारतात, तू गोदीतला, आमची वर्णी लागेल का? रोज दोन-तीन तास गाडीत लोंबकळणाऱ्या माणसाला घरापाशी गोदी नको असेल का? मलापण मोह होतो. खोटं कशाला बोलू?

पण मी गोदी आतून बघितलीय. १९४८ च्या कायद्याने मुंबईत गोदी कामगाराची नोंदणी झाली, मंडळ झालं, माणूस कायम झाला. मग कंटेनर आले, १९८९ साली न्हावा-शेवा सुरू झालं, टोळ्या आटल्या. आज माझ्यासारखा ठेक्यावर आहे. नवीन बंदरात क्रेन वाकते, माणूस वाकत नाही, कारण माणूस लागतच नाही. आणि ज्याच्या समुद्रात भराव पडणार तो मांगेला, तो माच्छी, तो डायमेकिंगवाला बाहेर. येशूने पहिले दोस्त कुठे जोडले? किनाऱ्यावर, जाळी शिवणाऱ्यांत. आज तो ह्या किनाऱ्याला आला तर पायाभरणीच्या मंडपात खुर्चीवर बसेल की वाढवणच्या पुळणीवर जाळ्यापाशी, हे मला कुणा बिशपला विचारायची गरज नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. नोकरीची यादी घेऊन एकटे एकटे साहेबाच्या दारात जाऊ नका. आधी किनाऱ्यावर जा, त्यांच्यात बसा, ऐका. मग कायम नोकरी, मोजलेली भरपाई, कुणाला हलवायचं नाही, ह्या मागण्या त्यांच्यासोबत एका कागदावर लिहू. अर्ज मी लिहून देतो. चर्चच्या पोरांना मी आणतो. तुम्ही विहारातली आणा. १९५० चा आदेशही त्याच कागदावर घ्या.

त्या गुरुवारी रात्री मी चर्चमधून घरी आलो. बाप पाळीवरून आला होता. रंगाच्या कारखान्यात त्याची वीस वर्षं गेली. मी परात घेतली आणि त्याच्या पायापाशी बसलो. तो ओरडला, काय खूळ घेतलंस, आणि पाय ओढून घेतले. बायबलात पेत्रानेही असंच केलं होतं. मी सोडले नाहीत. पाणी तीनदा बदललं. नखांतला आणि भेगांतला निळा रंग काही सुटला नाही. मग आई भाकर घेऊन आली, चुलत्याला हाक मारली आणि आम्ही सगळे तिथेच, त्या ओल्या जमिनीवर जेवायला बसलो.

माझा धर्म एवढाच आहे. तुम्हाला त्याचं नाव पटत नसेल तर नाव राहू द्या. जेवायला या.

जय भीम.